साक्षीचे वजन : गांधीहत्या खटला आणि माफीचा साक्षीदार

वडशात उभे राहून साक्षीविषयी बोलताना आम्हाला एक सोय आहे. नाटक म्हणजे काय, हे इथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. दिवाळी सरली की इथल्या कंपन्यांच्या गाड्या झाडीपट्टीत गावोगाव निघतात, रात्ररात्र प्रयोग चालतात. तुमच्यातल्या कित्येकांनी कधी ना कधी तोंडाला रंग लावला असेल. तेव्हा एक गोष्ट तुम्हाला आमच्याहून चांगली ठाऊक आहे : पाठ केलेला संवाद अडखळत नाही. जो खरोखर आठवून सांगतो तो अडखळतो, मागे जातो, "नाही, थांबा, आधी दिवे गेले, मग तो आला" असे म्हणतो. साक्षीदार अडखळला म्हणजे खोटा आणि घडाघडा बोलला म्हणजे खरा, हे आपले रोजचे माप त्यामुळे फारसे कामाचे नाही.

मग दुसरे माप कोणते? आजचा विषय हाच. तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात तो फार कोरडा वाटतो, म्हणून आपण तो एका खटल्यातून पाहू. खटला सगळ्यांना माहीत आहे, आणि त्याच्याबद्दल प्रत्येकाचे मतही ठरलेले आहे. मते थोडा वेळ बाजूला ठेवून आपण फक्त एवढेच बघू, की त्यातल्या साक्षी कशा तोलल्या गेल्या.

खटला आणि बडगे

३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत बिर्ला भवनात गांधीजींचा खून झाला. नथुराम गोडसे जागेवरच पकडला गेला. गोळ्या कोणी झाडल्या याबद्दल वाद नव्हता. खुद्द आरोपीनेच ते नाकारले नाही. वाद होता तो कटाचा. यात आणखी कोण होते, कोणाला काय माहीत होते? लाल किल्ल्यात विशेष न्यायाधीश आत्मा चरण यांच्यापुढे खटला चालला. सरकार पक्षाने १४९ साक्षीदार तपासले. त्यांच्यात सगळ्यात महत्त्वाचा साक्षीदार आधी स्वतःच आरोपी होता : दिगंबर बडगे.

हा बडगे पुण्यात 'शस्त्र भांडार' नावाचे दुकान चालवायचा. हत्यारे विकणे हाच त्याचा धंदा. २० जानेवारीला बिर्ला भवनात जो पहिला प्रयत्न झाला आणि फसला, त्यात तो सामील होता. अटक झाली, आणि २१ जून १९४८ ला त्याला माफी मिळाली. अट एकच : जे माहीत आहे ते सगळे खरे सांगायचे. यालाच आपण माफीचा साक्षीदार म्हणतो.

आता बघा अडचण. कटात आत काय चालले होते ते बाहेरच्याला कसे कळणार? आतला माणूसच सांगू शकतो. पण आतला माणूस म्हणजे गुन्हेगार. त्यातून त्याची मान फासातून सुटलेली आहे ती सरकार पक्षाच्या हातून. म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त माहिती, त्याच्यावरच विश्वास ठेवायला सगळ्यात कमी कारण.

आपला कायदाही इथे अनेक वर्षे दोन तोंडांनी बोलत होता. १८७२ च्या पुरावा कायद्यातले कलम १३३ म्हणायचे, साथीदाराच्या एकट्या साक्षीवर शिक्षा दिली तर ती केवळ तेवढ्यामुळे बेकायदा ठरत नाही. आणि कलम ११४ च्या खाली दिलेले एक उदाहरण म्हणायचे, महत्त्वाच्या बाबींत दुजोरा नसेल तर साथीदार विश्वासाला पात्र नाही असे न्यायालय धरून चालू शकते. न्यायालयांनी यातून एक वहिवाट पाडली : शिक्षा करता येते, पण दुजोऱ्याशिवाय करू नये. २०२३ च्या भारतीय साक्ष अधिनियमात तर दुजोऱ्याचा शब्द कलमातच आला.

आप्त कोण?

इथे आम्हाला आमच्या जुन्या विषयाकडे जरा वळू द्या. आपल्याकडे न्यायदर्शनात शब्द हे प्रमाण मानले आहे. म्हणजे दुसऱ्याने सांगितले म्हणून मिळणारे ज्ञान हेही ज्ञानच. पण सांगणारा 'आप्त' हवा. आप्त म्हणजे मराठीतला नातेवाईक नव्हे, बरं का. वात्स्यायनाने भाष्यात आप्ताचे लक्षण सांगितले आहे. त्याचा सार असा : ज्याला ती गोष्ट प्रत्यक्ष माहीत आहे, आणि जशी माहीत आहे तशीच ती सांगायची ज्याची इच्छा आहे. आणि पुढे तो म्हणतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सगळ्यांना सारखेच लागू आहे. फार मोठी गोष्ट आहे ही. जात, विद्या, प्रतिष्ठा यांवर आप्तपणा ठरत नाही.

पण त्याहून महत्त्वाची एक गोष्ट या लक्षणात आहे. आप्तपणा हा माणसाला एकदा मिळाला आणि कायमचा चिकटला असा शिक्का नाही. तो त्या-त्या गोष्टीपुरता असतो. एकच माणूस एका वाक्यापुरता आप्त असेल आणि पुढच्याच वाक्यापुरता नसेल. बडगेच्या साक्षीत नेमके हेच झाले.

एक साक्ष, तीन वजने

बडगेने सांगितलेल्या गोष्टींचे आपण तीन ढीग करू.

पहिला ढीग प्रवास, मुक्काम आणि हत्यारे यांचा. अमक्या दिवशी मुंबईला गेलो, दिल्लीला अमके इथे उतरले, अमका तिथे, बिर्ला भवनात असे-असे करायचे ठरले. याला भरपूर दुजोरा मिळाला, आणि तोही ज्याला कोणी पढवू शकत नाही अशा गोष्टींचा. दिल्लीच्या मरीना हॉटेलात गोडसे आणि आपटे देशपांडे या आडनावाने उतरले होते. त्याची नोंद रजिस्टरात होती. विमानाची तिकिटे करमरकर आणि मराठे या नावांनी काढलेली होती. हॉटेलची माणसे, टॅक्सीवाले यांनी येऊन आपापला तुकडा सांगितला. यातल्या बहुतेकांना पूर्ण गोष्ट माहीतही नव्हती. एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांचे तुकडे जेव्हा आपोआप जुळतात, तेव्हा त्या जुळण्याला वजन येते.

दुसरा ढीग, बडगेने स्वतः पाहिले-ऐकले पण तिथे दुसरे कोणी नव्हते, अशा गोष्टींचा. त्याने सांगितले की १७ जानेवारीला तो गोडसे आणि आपटे यांच्याबरोबर दादरला सावरकर सदनात गेला. ते दोघे वर गेले, तो खालीच बसला. थोड्या वेळाने ते उतरले, मागोमाग सावरकर आले, आणि यश घेऊन परत या अशा अर्थाचे काही म्हणाले.

तिसरा ढीग ऐकीव गोष्टींचा. परतताना टॅक्सीत आपटेने बडगेला सांगितले की गांधींची शंभर वर्षे भरली, असे भाकीत सावरकरांनी केले आहे. म्हणजे सावरकर काय बोलले ते आपटे सांगतो, आणि आपटे काय बोलला ते बडगे सांगतो.

आता न्यायाधीशांनी काय केले? बडगेची उलटतपासणी अनेक दिवस चालली होती. तो प्रश्न टाळत नाही, सरळ उत्तर देतो, असे न्यायाधीशांचे मत झाले. त्यांनी त्याला खरे बोलणारा साक्षीदार मानले. आणि तरीही त्यांनी सावरकरांना निर्दोष सोडले. बडगे खोटे बोलतो असे त्यांनी म्हटले नाही. सावरकरांविरुद्धचा पुरावा त्या एकट्याच्याच शब्दावर उभा आहे, आणि तेवढ्यावर निष्कर्ष काढणे सुरक्षित नाही, असे ते म्हणाले.

दुजोरा अगदीच नव्हता असेही नाही. १४ तारखेला गोडसे-आपटे ज्या गाडीने पुण्याहून मुंबईला आले त्याच गाडीत एक चित्रपट अभिनेत्री होती. तिने दोघांना दादरहून आपल्या मोटारीतून आणले आणि सावरकर सदनाच्या जवळ सोडले. तिने कोर्टात तसे सांगितले. १७ तारखेच्या टॅक्सीवाल्यानेही फेरी सांगितली. पण हा दुजोरा कशाला मिळाला? शिवाजी पार्कपर्यंतच्या रस्त्याला. दाराच्या आत काय झाले त्याला नाही. त्या घरात तळमजल्यावर आणखीही माणसे राहत होती. घरात जाणे म्हणजे मला भेटणे नव्हे, असे सावरकरांचे म्हणणे होते. या म्हणण्याला खोडून काढील असे काही कोर्टापुढे आले नाही.

हा फरक आपण नीट धरून ठेवू. दुजोरा म्हणजे गोष्टीतला कुठलाही तपशील खरा निघणे नव्हे. खोटे सांगणारासुद्धा खऱ्या रस्त्यावरून खऱ्या घरापर्यंत जातो आणि मग आत गेल्यावर खोटे सांगतो. ज्या माणसाविरुद्ध साक्ष आहे, त्या माणसाला त्या कृत्याशी जोडणारा धागा स्वतंत्रपणे मिळायला हवा.

हा विचार फक्त दिल्लीतला नाही. आपल्या वडशाहून रेल्वेने गोंदियाला जाता येते. त्या गोंदियात डिसेंबर १९४९ मध्ये एका पाच वर्षांच्या मुलाचा खून झाला. एका आरोपीने कबुली दिली आणि तीत दुसऱ्याला गुंतवले. दुसऱ्याला फाशी झाली. १९५२ मध्ये ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले : काश्मिरा सिंग विरुद्ध मध्य प्रदेश राज्य. निकाल लिहिला न्यायमूर्ती विवियन बोस यांनी, जे आधी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. त्यांनी एक साधी रीत सांगितली. सहआरोपीची कबुली आधी पूर्ण बाजूला ठेवा. उरलेला पुरावा पाहा. तो एकटा उभा राहत असेल तर मग कबुलीचा हात त्याला लावा. उरलेला पुरावाच उभा राहत नसेल, तर कबुलीच्या खांद्यावर त्याला उभे करू नका. तो माणूस खुनाच्या आरोपातून आणि फाशीतून सुटला.

१९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वडिवेलू थेवर खटल्यात साक्षीदारांचे तीन वर्ग केले : पूर्ण विश्वासार्ह, पूर्ण अविश्वासार्ह, आणि या दोन्हींत न बसणारे. पहिल्यात एकच साक्षीदार पुरतो, दुसऱ्यात दहाही पुरत नाहीत. खरी कसोटी तिसऱ्या वर्गात लागते. आणि आम्हाला विचाराल तर जगातले बहुतेक साक्षीदार, आपण सगळे धरून, या तिसऱ्याच वर्गात बसतो.

ज्याचे ऐकले, पण पोचले नाही

आतापर्यंत आपण जास्त विश्वास ठेवण्याचा धोका पाहिला. उलट बाजूही तितकीच भयंकर आहे.

मुंबईच्या रुईया कॉलेजात डॉ. जगदीशचंद्र जैन नावाचे प्राध्यापक होते. मदनलाल पाहवा हा फाळणीतून आलेला निर्वासित तरुण त्यांच्याकडे यायचा. जानेवारी १९४८ च्या सुरुवातीला त्याने जैनांना कटाबद्दल सांगितले. जैनांना वाटले, पोरगा बढाया मारतो. त्यांनी त्याला समजावून सोडून दिले. २० जानेवारीला बिर्ला भवनात स्फोट झाला. जवळ राहणाऱ्या एका बाईने वात पेटवणाऱ्याला पाहिले होते. तिने दाखवला आणि तो पकडला गेला. तो मदनलाल होता. या बाईला कोणाशी देणेघेणे नव्हते. ती आपल्या लेकराला शोधायला आली होती. आप्ताचे याहून स्वच्छ उदाहरण शोधून सापडायचे नाही.

वर्तमानपत्रात नाव वाचून जैन हादरले. २१ तारखेला ते मुख्यमंत्री बाळासाहेब खेर आणि गृहमंत्री मोरारजी देसाई यांना भेटले आणि सगळे सांगितले. मोरारजींनी ते मुंबई पोलिसांच्या नगरवालांना सांगितले, पण जैनांचे नाव सांगितले नाही, कारण जैनांना जिवाची भीती होती. माणूस चांगला, हेतूही चांगला. पण परिणाम काय झाला? साक्ष पोचली, साक्षीदार पोचला नाही. तपास करणाऱ्याला उलट जाऊन विचारता येईना : तो नेमके काय म्हणाला, आणखी कोणाचे नाव घेतले? नगरवालांनी पुढे असा तर्क धरला की हा गांधीजींना पळवून नेण्याचा डाव आहे.

तिकडे दिल्लीत मदनलालच्या जबाबात एका मराठी पत्राच्या संपादकाचा उल्लेख आला होता. 'अग्रणी', पुढे 'हिंदू राष्ट्र', याचा संपादक कोण, हे पुण्यात कोणीही सांगितले असते. ते पुण्याला वेळेत विचारले गेले नाही. हा कागद मुंबईला दाखवला की नाही, यावर वीस वर्षांनी दिल्लीचे पोलीस आणि मुंबईचे पोलीस चौकशी आयोगापुढे परस्परविरुद्ध बोलले. २० आणि ३० जानेवारी यांत दहा दिवस होते. त्या दिवसांत तपासात थोडी तत्परता दिसली असती तर कदाचित हे टळले असते, अशा अर्थाचे ताशेरे न्यायाधीशांनीही ओढले.

म्हणून बघा, साक्ष अपुरी आहे म्हणजे ती फेकून द्यायची असे नाही. फाशी देण्यासाठी जी साक्ष पुरत नाही, ती पहारा वाढवण्यासाठी, एक तार पाठवण्यासाठी भरपूर असते. वजन किती हवे हे त्यावर तुम्ही काय करणार आहात यावरून ठरते.

सोळा वर्षांनंतरची आठवण

नोव्हेंबर १९६४ मध्ये पुण्यात, जन्मठेप भोगून सुटलेल्यांच्या सत्कारप्रसंगी, लोकमान्यांचे नातू आणि जुने संपादक ग. वि. केतकर म्हणाले की नथुरामचा विचार आपल्याला आधीच ठाऊक होता. देशभर गदारोळ झाला. यातूनच पुढे न्यायमूर्ती जीवनलाल कपूर यांचा आयोग आला. त्याचा अहवाल १९६९ चा.

सोळा वर्षांनंतर सांगितलेल्या आठवणीचे काय करायचे? मधल्या काळात खेर १९५७ मध्येच वारले होते. ज्याला सांगितले तोच नाही, तर पडताळायचे कोणाशी? शिवाय एक मानवी गोष्ट लक्षात घ्या. मोठी घटना घडून गेल्यावर 'मला ठाऊक होते' असे वाटायला लागते. तो माणूस खोटे बोलतो असे नाही. आठवणच हळूहळू घटनेच्या दिशेने वळते.

कपूर आयोगापुढे आणखी एक गोष्ट आली. सावरकरांचे अंगरक्षक आणि सचिव यांनी मार्च १९४८ मध्येच मुंबई पोलिसांना दिलेले जबाब. गोडसे आणि आपटे जानेवारीत सावरकरांना भेटले होते, असे त्यांत होते. हे दोघे खटल्यात साक्षीदार म्हणून उभेच केले गेले नव्हते. आयोगाने सगळ्या गोष्टी एकत्र पाहून सावरकर आणि त्यांच्या गटाच्या कटाखेरीज दुसरी उपपत्ती टिकत नाही, अशा अर्थाचा निष्कर्ष नोंदवला.

प्रश्नोत्तरांतून

व्याख्यानानंतर पहिला प्रश्न अपेक्षित तोच आला : "सर, मग सावरकर दोषी होते की नव्हते, ते एका वाक्यात सांगा."

एका वाक्यात सांगता आले असते तर तासभर बोललो नसतो! पण प्रश्न टाळत नाही. दोन कागद आहेत, आणि दोन्ही बाजू त्यांतला एकेकच वाचतात. न्यायालयाने 'पुराव्याने सिद्ध झाले नाही' म्हटले. कायद्याने माणूस निर्दोष सुटला, सरकारने त्याविरुद्ध अपील केले नाही, विषय संपला. पण त्याचा अर्थ 'बडगे खोटारडा ठरला' असा होत नाही. दुसरीकडे, कपूर आयोगाला मुख्यतः काम दिले होते ते वेगळेच : कटाची आगाऊ माहिती कोणाला होती आणि त्यावर काय केले गेले. आयोग म्हणजे न्यायालय नव्हे. ते दोन जबाब पोलिसांपुढचे, उलटतपासणी न झालेले. भेट झाली एवढे त्यातून मानले तरी भेटीत काय बोलणे झाले ते कळत नाही. आणि ज्यांच्यावर ठपका आला ते सावरकर फेब्रुवारी १९६६ मध्ये वारले होते, उत्तर द्यायला हजर नव्हते. तेव्हा 'न्यायालयाने निर्मळ ठरवले' आणि 'आयोगाने सिद्ध केले' ही दोन्ही वाक्ये कागदात आहे त्यापेक्षा जास्त बोलतात. ते दोघे त्या वेळी कोर्टात उभे केले असते, त्यांची उलटतपासणी झाली असती, तर आज आपल्याला अधिक कळले असते, कोणत्या बाजूने ते सांगता येत नाही. साक्ष वेळेत न तपासण्याची किंमत ही अशी पिढ्यान्‌पिढ्या मोजावी लागते.

दुसऱ्या एकाने विचारले, हे सगळे जुने झाले. आता तंत्रज्ञान आहे, आता असे होत नसेल?

होते. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात झाला. तपास यंत्रणेने आधी दोन फरार माणसांना हल्लेखोर म्हटले, आणि काही वर्षांनी दुसऱ्याच दोघांना. १० मे २०२४ ला निकाल लागला : दोघांना जन्मठेप, तिघांची सुटका. हल्लेखोरांना शिक्षा झाली ती डोळ्यांनी पाहणाऱ्या साध्या माणसांनी कोर्टात येऊन ओळखले म्हणूनही. पण त्यांच्यामागे कोण होते, हा प्रश्न तसाच राहिला. गोळी झाडणारा दिसतो, कट दिसत नाही. १९४८ मध्येही अडचण तीच होती.

शेवटचा प्रश्न मागच्या रांगेतल्या एका तरुणाचा होता. नाव-गाव सांगणार नाही. तो म्हणाला, "आमच्या भागात कोणीतरी नुसतं म्हणते, अमका खबऱ्या आहे. तेवढ्यावर माणूस जातो. तिथं कोणता दुजोरा अन् कोणती उलटतपासणी?"

सभागृह गप्प झाले. आम्हीही थोडा वेळ गप्प होतो. आपल्या जिल्ह्यात हे घडलेले आहे, सगळ्यांना माहीत आहे. जंगलात भरवलेल्या जनअदालतीत कोणाच्या तरी शब्दावर माणसे मारली गेली. आणि कोणाच्या तरी शब्दावर माणसे वर्षानुवर्षे तुरुंगातही बसली. बंदूक कोणत्या बाजूची, हे आपण आज विचारत नाही. आम्ही एवढेच विचारतो, की तो शब्द कोणी तोलला होता का? त्या सांगणाऱ्याने स्वतः पाहिले होते का? त्याचे बांधाचे, जमिनीचे, जुने भांडण होते का? दुसऱ्या कोणी, त्याच्याशी न बोलता, तेच सांगितले का?

आम्ही त्या तरुणाला म्हणालो, तुमच्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर आमच्याजवळ नाही. पण एक काम आपल्या प्रत्येकाच्या हातात आहे. चहाच्या टपरीवर, बाजारात, फोनवर 'अमका तसा आहे म्हणे' असे कोणी म्हणाले, तर त्याला विचारा : तू पाहिलेस का? आणि त्याने नाही म्हटले, तर ते वाक्य आपल्या तोंडून पुढे जाऊ देऊ नका. लाल किल्ल्यातल्या न्यायाधीशांनी, ज्याच्यावर त्यांचा विश्वास बसला होता अशा साक्षीदाराचेसुद्धा एक वाक्य दुजोऱ्याशिवाय पुढे जाऊ दिले नाही. आणि तो खून गांधीजींचा होता, देश संतापलेला होता. तिथे हे जमले, तर आपल्या गावात जमायला हवे.

वेळ झाली आहे, कोणाला आरमोरीची, कोणाला कुरखेड्याची गाडी धरायची आहे. इथेच थांबतो.